लढाईपुरता

दोरीचं टोक भोकात शिरत नव्हतं. थुंकी लावून झाली, काडी ओढून टोक जरा जाळून झालं, तरी ती पांढरी दोरी दर वेळी भोकाच्या कडेवर येऊन मान टाकत होती, आणि जगन्नाथ साळोखे जेवायच्या टेबलाशी वाकून बसला होता — मांडीवर तपकिरी चामड्याचा तो लांबुडका बॉल, दोन्ही टोकांना निमुळता, हवा अर्धी गेलेला, आजारी कोकराला पोटाशी धरावं तसा धरलेला... एकदा कोल्हापूरला फोटो पाठवला होता, तेव्हा पेठेतल्या पोरांनी फोनवर विचारलं होतं, जगू, तिकडं पपईला लाथा मारतोस व्हय? पपई. बारा वर्षं झाली या पपईच्या मागं. नाही, मागं नाही. बाजूला. मागं धावणारे वेगळे. हा बाजूला उभा.

"टेबलावर चामडं नको म्हटलंय ना," लतिका म्हणाली. "तिथंच पोळी लाटते मी."

"झालंच."

"सकाळपासनं झालंच चाललंय. आज बोलणार ना ते? नक्की?"

"प्रॅक्टिस झाली की बोलतो म्हणालाय व्हिटेकर."

"तो बोलायची वाट बघू नका. तुम्हीच काढा. आधी व्हिसाचं, मग बाकीचं. नाहीतर त्यानं खांद्यावर हात टाकला की तुमची जीभ जाते आत."

जाते. खरंच जाते. लतिकाला सगळं माहीत असतं, ही एक पीडाच.

येत्या जूनमध्ये स्टोअर बंद. कंपनीच्या लेबनीज मॅनेजरने हसतहसत सांगितलं होतं — जॅग, हबीबी, स्टोअर खलास — सगळा माल आता बाहेरचा कंत्राटदार सांभाळणार, त्याची माणसं, त्याचे कॉम्प्युटर. स्टोअरकीपर नको. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की घर गेलं, रुचाची शाळा गेली, तिची पुढच्या वर्षीची दहावी गेली. इथे माणूस म्हणजे त्याच्या पासपोर्टवरचा शिक्का. शिक्का पुसला की माणूस पुसला, मग तो सोळा वर्षं इथलं ऊन खाऊन का बसलेला असेना. कोल्हापुरात त्रेचाळीस वर्षांच्या स्टोअरकीपरला कोण घेतं? कोण विचारतं? राहिला होता एकच दोर. जबल अलीतला अमेरिकन लोकांचा क्लब. तिथल्या पोरांच्या टीमला एक हेड कोच असतो, तो पगारी असतो, त्याचा व्हिसा क्लब काढतो. आत्ताचा हेड कोच व्हिटेकर अमेरिकेला निघाला होता. जागा रिकामी होत होती. आणि व्हिटेकर का निघाला होता, ते टीव्हीवर दिसतच होतं — कुवेतच्या वाळूत रणगाड्यांच्या रांगा, वर धुळीचा पडदा, एक बाई माईक धरून वाऱ्यात केस सावरत बोलते आहे. आज ना उद्या. इराकवर. पुन्हा.

लतिकाने जाता जाता टीव्ही बंद केला. ती या बातम्या बघत नाही. मागच्या लढाईत तिचा भाऊ कुवेतमध्ये होता.

"थँक गॉड," आतून रुचा म्हणाली. "आय हॅव अ टेस्ट, बाबा. कान्ट यू डू दॅट बॉल थिंग आउटसाइड?"

"मराठीत सांग."

"सेम थिंगच आहे, बाबा."

सेम थिंग. पूर्वी ही पोरगी शुक्रवारी त्याच्याबरोबर क्लबवर यायची, खांबाला टेकून उभी राहायची, माझे बाबा कोच आहेत म्हणून सांगायची. एका बार्बेक्यूनंतर यायची बंद झाली. का, ते तिने सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही. उत्तर ठाऊक असलेला प्रश्न माणूस कशाला विचारेल?

दोरी शिरली शेवटी. आवळली, गाठ मारली, सायकलच्या पंपाने हवा भरली. बॉल ताठ झाला. छान दिसत होता हरामखोर.

जाताना लतिकाला बर दुबईत सोडायचं होतं. सुट्टीचा दिवस, देवळाच्या बोळात माणसांवर माणसं. चपलांचे ढीग, फुलवाल्याच्या प्लास्टिकच्या पिशव्या, दुधाची पाकिटं घेऊन उभ्या बायका, आणि वरच्या मजल्यावर जाणाऱ्या जिन्यात घामाचा आणि उदबत्तीचा एकच एक वास. तो वर जाणार नव्हता. गाडी चुकीच्या जागी लावली होती. पण लतिका म्हणाली, "आजच्या दिवशी तरी या," म्हणून गेला. पुढच्या माणसाच्या खांद्यावरून मूर्तीचं जेवढं दिसलं तेवढ्याला हात जोडले. काय मागायचं? डोळे मिटल्यावर शब्दच सापडेनात. नोकरी म्हणायचं, की व्हिसा म्हणायचं, की व्हिटेकर लवकर जावो म्हणायचं... मागून रेटा आला. तो घाईघाईने मनात एवढंच म्हणाला, होऊ दे. आणि पुढे सरकला.

"काय मागितलंत?" खाली चपला शोधताना लतिकाने विचारलं.

"तेच."

"मी पण तेच. आणि ती लढाई टळू दे म्हणून मागितलं."

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिला दोन्ही एकदम मागता आलं होतं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं, की लढाई टळली तर व्हिटेकर कुठे जात नाही... की तिला कळत होतं आणि तरी तिने मागितलं? ती चपलेचा पट्टा लावत होती. चेहऱ्यावर काही नव्हतं.

"यल्ला, निघा आता," ती म्हणाली. "मी बसने जाते. आणि आधी व्हिसा. लक्षात ठेवा."

शेख झायेद रोडवर शुक्रवारी दुपारी गाडी आपोआप चालते. दोन्ही बाजूंना क्रेन, अर्धी बांधलेली काचेची घरं, मग ती संपतात आणि नुसती वाळू, विजेचे मनोरे, लांबवर बंदराच्या क्रेनांच्या माना. सोळा वर्षं याच रस्त्याने आला-गेला तो. कंपनीच्या बसने, मग या जुन्या सनी गाडीने. पूर्वी इथे काहीच नव्हतं, असं सांगायची प्रत्येकाला हौस असते इथे. पूर्वी इथे जगन्नाथ होता.

नव्वदचा ऑगस्ट. एका सकाळी कुवेत गेलं. रेडिओवर ऐकलं, कुणाचा विश्वास बसेना, संध्याकाळपर्यंत सुपरमार्केटात तांदूळ संपला. आणि मग जबल अलीतल्या अमेरिकन वस्तीतून बायकापोरं जायला लागली, पाठोपाठ काही पुरुषही — जे राखीव फौजेत होते त्यांना बोलावणं आलं. त्यांचा क्लब होता, मोठ्या माणसांची टीम होती, त्यांच्या त्या फुटबॉलची. हेल्मेटं, खांद्यावर गाद्या, सगळं साग्रसंगीत. निम्मी टीम लढाईवर गेली. लाथ मारणारा रस्टी, तोही गेला.

जगन्नाथला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो गोडाऊनच्या मागे मल्याळी पोरांबरोबर साधा, गोल, माणसांचा फुटबॉल खेळत होता. अनवाणी. पेठेत शिकला तसा. एक बॉल त्याने दिव्याच्या उंच खांबावरून घातला, तेव्हा रस्त्यावर एक पिकअप थांबलेली होती आणि आत लाल मानेचा एक म्हातारा बसला होता. कोच हॉब्ज.

"तो खांबावरून गेला तो मुद्दाम मारलास, की लागला?"

"मुद्दाम, सर."

"परत मार."

मारला. परत म्हणाला. परत मारला. हॉब्ज खाली उतरला आणि गाडीतून ती पपई काढून त्याच्या हातात दिली. जड होती. चामड्याचा वास शाहू स्टेडियमवरच्या बॉलसारखाच.

तुझं काम एवढंच — हॉब्जने समजावलं होतं — बाकी काही डोक्यात घ्यायचं नाही. आपला एक जण गुडघ्यावर बसून बॉल जमिनीवर उभा धरेल, बोटाच्या टोकाखाली. समोरून अकरा रेडे येतील, आपले त्यांना अडवतील. तू बघायचं नाही. लाथ घालायची. बॉल त्या दोन उंच खांबांच्या मधून, आडव्या पाइपच्या वरून गेला पाहिजे. मारलीस की तुझं काम संपलं. कळलं? संपलं.

खांब होते ड्रिलिंगच्या पाइपांचे, कंपनीच्याच यार्डात वेल्डिंग केलेले, पिवळे रंगवलेले. मैदान वाळूचं, दाबलेलं. त्याच्या मापाचे बूट कुणाकडे नव्हते, म्हणून तो अनवाणीच मारायचा, आणि किनाऱ्याला लागलेल्या अमेरिकन लढाऊ जहाजांवरचे खलाशी — सामने त्यांच्याशीच व्हायचे — त्याच्या उघड्या पायाकडे बोट दाखवून हसायचे. पहिल्या लाथेपर्यंत. मग हसायचे नाहीत. आणि सामना झाल्यावर हॉब्ज एक पाकीट द्यायचा. खेळायचे पैसे! कोल्हापुरात त्याने पेठेसाठी गुडघा फोडून घेतला, तेव्हा मिळाला होता फेटा, नारळ, आणि साखर कारखान्यात चिकटवतो म्हणून एका संचालकाचा शब्द. शब्द त्याच्याकडेच राहिला. आणि इथे... प्रोफेशनल. हॉब्जने ओळख करून दिली होती एका जहाजाच्या कप्तानाला, अवर प्रोफेशनल किकर. रात्री झोपताना मी तो शब्द जिभेवर घोळवायचो. लतिका तेव्हा कोल्हापुरात, रुचा अंगावर पिणारी. कुणाला सांगणार?

सुखाचे दिवस होते ते. आता हे म्हणायला तोंड आहे का, तर नाही, पण होते. तिकडे लतिकाचा भाऊ, सिद्धार्थ, कुवेतमधलं एसी दुरुस्तीचं दुकान तसंच उघडं टाकून, बगदादमार्गे, ट्रकच्या टपावरून अम्मानला पोचला होता. तंबूत होता कित्येक दिवस. पाण्यासाठी भांडला, लोकांच्या लाथा खाल्ल्या, आणि एका पिशवीनिशी मुंबईच्या विमानतळावर उतरला तो पुन्हा कधी ताठ उभा राहिला नाही. त्याच दिवसांत जगन्नाथ वाळूवर उभा होता आणि अकरा रेड्यांच्या डोक्यावरून बॉल जात होता, स्वच्छ, फिरत, उन्हात... ज्या लढाईने मेहुण्याला कापला, तिनेच याला पहिल्यांदा वर काढलं. एकच लढाई. यात माझा काय दोष? काही दोष नाही. मग दर दिवाळीला सिद्धार्थचा फोन आला की मी बाथरूममध्ये का जातो?

क्लबवर गाडी लावली तेव्हा पोरं मैदानात आली होती. नेहमीपेक्षा कमी. अमेरिकन पोरं निम्मी गेलेली. उरलेली, आणि कॅनडाची, लेबनॉनची. ग्राउंडवाला खैरुद्दीन, पेशावरकडचा पठाण, पाइपने पाणी मारून वाळू बसवत होता. त्याने लांबूनच हात वर केला. "आओ, कोच साब!" तो सुरुवातीपासून कोच साबच म्हणतो. थट्टा की मान, हे जगन्नाथने कधी तपासलं नाही.

व्हिटेकर शिट्टी घालून मध्ये उभा. गुलाबी, धिप्पाड, चाळिशीचा, वाईट नाही. हे सगळेच वाईट नसतात, हीच तर अडचण आहे. वाईट असते तर शिव्या घालून मोकळा झालो असतो.

तासभर जगन्नाथने पोरांना लाथ मारायला शिकवलं. ते त्याला येतं. घोटा कसा ताठ ठेवायचा, डोळा बॉलच्या कुठल्या जागेवर, मारल्यानंतर पाय कुठपर्यंत जाऊ द्यायचा. मागच्या बारा वर्षांत या क्लबातून जी पोरं अमेरिकेत कॉलेजला गेली, त्यांतली काही तिकडे याच कामावर टीममध्ये आहेत, फोटो पाठवतात. किकिंग कोच जॅग. पगार नाही. वर्षाला एक टोपी, एक टी-शर्ट, नाताळला एक टर्की — जी लतिका घरात घेत नाही, तो परस्पर खैरुद्दीनला देतो.

शेवटी व्हिटेकरने शिट्टी मारून पोरांना गोल बसवलं. न्यायला आलेले दोन-तीन बाप कुंपणाशी उभे होते. व्हिटेकर पोरांना सांगत होता की तो काही दिवस नसेल, पण घाबरायचं कारण नाही, कोच जॅग आहेत, कोच जॅग तुमच्या जन्माच्या आधीपासून या क्लबात आहेत... आणि कुंपणाजवळून एक बाप ओरडला, "बो! जॅग, डू द बो!"

पोरं टाळ्या पिटायला लागली. बो, बो, बो.

एक्क्याण्णवचा जानेवारी. लढाई पेटायच्या काही दिवस आधी. मोठ्या जहाजाच्या टीमशी सामना, जहाजावरचे शेकडो खलाशी वाळूवर बसलेले, जणू सगळ्यांना ठाऊक होतं की इथून उठलं की कुठे जायचंय, आणि म्हणूनच ते इतके ओरडत होते. शेवटची लाथ. बसली तर जिंकलो. बॉल उभा राहिला, जगन्नाथ धावला, पाय बसला — चांगला बसला होता, आजही शपथेवर सांगेन — पण समोरच्या रेड्यांतला एक जण झेपावून आला, त्याच्या पंज्याला बॉल लागला आणि वर उडाला, आणि तो पोरगा आपल्याच वेगाने जगन्नाथच्या पुढ्यात आडवा पडला, आणि जगन्नाथचा पाय, तो उघडा पाय, पुढे गेलेला, परत येताना त्याच्या छातीवर पडला. पाय लागला. माणसाला पाय लागला. बस्स, तेवढंच कळलं. लहानपणापासून जे अंगात भरलंय ते डोक्याला विचारत नाही — पुस्तकाला लागो, माणसाला लागो, झाडूला लागो, वाकायचं, हात लावायचा, कपाळाला न्यायचा. पेठेतही खेळताना पाय लागला की वस्ताद धावत्या खेळात करायला लावायचे, नाही केलं तर कानफाटात. तो वाकला. त्या पोराच्या खांद्याला हात लावला, कपाळाला नेला. आणि त्याचं काम तर संपलं होतं ना? हॉब्जच म्हणाला होता, मारलीस की संपलं. पण त्यांच्या खेळात पंज्याला लागून पडलेला बॉल जिवंत असतो. तो त्याच्यापासून हातभर अंतरावर पडला होता. नुसतं अंगाखाली घेतला असता तरी पुरे होतं. जहाजाच्या एका माणसाने तो उचलला आणि रिकाम्या मैदानातून पार दुसऱ्या टोकापर्यंत पळत नेला, आणि जगन्नाथ वाकलेला होता, बॉलकडे पाठ करून, हात कपाळाला.

सगळी वाळू हसली. आडव्या पडलेल्या पोराच्या हनुवटीवर मुरुमं होती. तोही हसला, उठला, आणि त्याने जगन्नाथला तसंच वाकून दाखवलं. लढाईनंतर त्याचं काय झालं, कोण जाणे.

एप्रिलमध्ये रस्टी परत आला. रापलेला. सगळ्यांनी खांद्यावर घेतला. हॉब्जने जगन्नाथला टोपी दिली, म्हणाला, ग्रेट जॉब, जॅग. आता पोरांना शिकव. लाथ मारणारा आला होता. लढाईपुरता आणलेला लढाई संपल्यावर कोच झाला. हॉब्ज पुढे मेला टेक्सासमध्ये, रस्टी गेला, मॅनेजर बदलले, पण ती गोष्ट राहिली. दर वर्षीच्या बार्बेक्यूला कुणीतरी नव्या माणसाला ती सांगतो, आणि मग ओरडतात, बो, म्हणजे वाकून दाखव, आणि मग जगन्नाथ उठतो आणि करून दाखवतो. चांगलं करतो. वर्षागणिक सुधारलंय. पाय अडखळल्याचं दाखवतो, डोळे मिटतो, दोन्ही हात कपाळाला नेऊन जरा जास्तच वेळ थांबतो, कारण तिथेच हशा येतो. एका वर्षी लतिका आणि रुचा दोघी होत्या. गाडीत लतिका रस्त्याकडे बघत म्हणाली, "त्यांना हसू दे. त्यांना काय कळतंय. पण तुम्ही त्याची नक्कल कशाला करता?" मागच्या सीटवर रुचा झोपल्याचं सोंग करून बसली होती.

बो, बो, बो.

आज नाही, असं तो मनाशी म्हणाला. म्हणत होता तोवर कंबर वाकलेली होती. हात कपाळाला गेलेला होता. पोरं खिदळत वाळूत लोळली.

मग व्हिटेकर त्याला पिकअपच्या मागे घेऊन गेला, खांद्यावर हात टाकून. तो इंग्रजीत बोलत होता, पण इतक्या वर्षांत ते जगन्नाथच्या आत मराठी होऊनच उतरतं.

"कमिटीने ठरवलंय. टीम तुझी. उद्यापासून हेड कोच तू."

त्याला वाटलं होतं आता आत काहीतरी होईल. झालं नाही. लतिकाचा आवाज आला — आधी व्हिसा.

"सर, माझा व्हिसा..."

"ते बोललो मी. क्लब काढेल. या सीझनपुरता."

"आणि पुढे?"

व्हिटेकरने टोपी मागे सारली. प्रामाणिक माणूस, विचार करून बोलणारा. "हे बघ, जॅग, खरं सांगतो. ते या लढाईवर आहे. ती लांबली, वर्षभर चालली, तर आम्ही काही परत येत नाही. मग तुझं कायमचं करायचं, कमिटी तयार आहे. मागच्यासारखी झटक्यात आटपली, तर..." तो हसला, त्याच्या पाठीवर थाप मारली. "तर मी येतोच की परत. आणि झालीच नाही, तर तिकिटंच रद्द. माझी बायको तर त्यासाठीच प्रार्थना करतेय."

"हो, सर. आय होप सो, सर."

जीभ बाहेर आली होती, पण ही वेगळीच कुणाची तरी होती.

व्हिटेकर गेला, पोरं गेली. मोबाइल वाजला. लतिका.

"झालं का?"

"झालं."

"अगं बाई! खरं? व्हिसाचं?"

"काढतायत म्हणाला."

"कायमचं ना?"

मैदानावर खैरुद्दीन पाइप ओढत होता. जगन्नाथने बॉल पायाखाली घेतला, सोडला. "तसंच होईल. जरा... परिस्थितीवर आहे."

"कसली परिस्थिती? बरं, असू दे, घरी या, मग सांगा. शिरा करते. आणि ऐका ना, सिद्धार्थचा फोन आलेला. तो म्हणतो, टळणार म्हणे लढाई. तिकडं कुणीतरी मध्ये पडतंय. त्याच्या आवाजात किती बरं वाटत होतं, अहो. बारा वर्षांत असा बोलला नव्हता."

"कुणी सांगितलं त्याला?" तो एवढ्या जोरात बोलला, की खैरुद्दीनने वळून पाहिलं.

"पेपरात आलंय म्हणे. का हो?"

"पेपरवाल्यांना काय कळतं. काही टळत नाही. एवढी फौज आणून बसवलीय ती काय परत न्यायला?"

पलीकडून ती हळू म्हणाली, "तुम्ही असे काय बोलताय?" आणि त्याने उत्तर द्यायच्या आत, "शिरा करते," असं पुन्हा म्हणून तिने फोन ठेवला.

ऊन उतरलं होतं. बंदराकडून ट्रेलर सुटायला लागले होते, एकामागे एक, उत्तरेकडे तोंड करून, ताडपत्री घातलेले.

"मुबारक हो, साब," खैरुद्दीन जवळ आला. "सुना मैंने. बड़ा कोच."

"अभी कच्चा है, खैरुद्दीन."

"पक जाएगा. अल्लाह पकाता है." तो दाढीत हसला आणि मग हसणं तसंच अर्ध्यावर ठेवून ट्रेलरांकडे बघत राहिला. "मेरा छोटा भाई भी यही चलाता है, साब. पानी लेके जाता है कुवैत, सरहद के पास. कंपनी बोली, जो जाएगा उसको डबल पगार. गधा चला गया. माँ रोज़ फ़ोन पे रोती है... आप भी दुआ करो, साब. आपकी बीबी मंदिर जाती है ना? उसको बोलो. बस ये जंग टल जाए. वो एक बार वापस आ जाए, फिर मैं टाँग तोड़ दूँगा उसकी."

"इन्शाल्ला," जगन्नाथ म्हणाला.

किती सहज आला शब्द. कुठेही अडकला नाही.

"ज़रा पकड़ोगे? मग़रिब की नमाज़ का वक़्त हो रहा है," खैरुद्दीन म्हणाला आणि पाइप त्याच्या हातात देऊन, हातपाय धुऊन, कुंपणाशी चटई पसरायला गेला.

जगन्नाथ पाणी मारत उभा राहिला. वाळू पाणी पीत होती, पडलं की काळी व्हायची आणि बघता बघता पुन्हा फिकी. समोर पठाण उभा राहिला, वाकला, गुडघ्यांवर बसला. त्याचे ओठ हलत होते. तो काय मागतोय हे जगन्नाथला शब्द न शब्द माहीत होतं, भावाचं वयसुद्धा माहीत होतं, मागच्या ईदला तो इथे येऊन याच पाइपने पोरांना भिजवून गेला होता. आणि सिद्धार्थचा आवाज, बारा वर्षांनी बरा वाटणारा. आणि लतिका, ज्या तोंडाने नवऱ्याची नोकरी मागितली त्याच तोंडाने मागणारी... सगळे एका बाजूला. त्यांच्यासमोर मी एकटा. सुरू होऊ दे. ते तर होईलच. पण नुसती सुरू होऊन काय उपयोग? महिन्यात आटपली तर? लांबू दे. उन्हाळा जाऊ दे, रुचाची दहावी होऊ दे, मग खुशाल थांबा. कोण मरेल ते... ते काही मी मारत नाही.

हे एवढं स्पष्ट त्याने कधी मनात म्हटलं नव्हतं. आता लाज येईल म्हणून तो थांबला. येईलच. अशा वेळी येते. कान तापतात, माणूस स्वतःला दोन शिव्या देतो आणि सुटतो. तो पाणी मारत राहिला, वाट बघत राहिला. ट्रेलर जात होते, आणि प्रत्येक ट्रेलर उत्तरेकडे वळला की त्याच्या छातीत काहीतरी किंचित सैल होत होतं, गोड, ओळखीचं, नव्वद सालचं. लाज आली नाही. खैरुद्दीनची नमाज लवकर संपू नये, एवढंच त्याला वाटलं. संपल्यावर तो येईल, पाइप घेईल, आणि आपल्याला त्याच्या तोंडाकडे बघावं लागेल, आणि आपण बघू शकू.